सूर्य आपला, गायरान कोणाचे?

१

दलित कवितेत सूर्य फार आहे. १९७० नंतरच्या दशकातले कोणतेही दोन-चार संग्रह उघडा. अंधार, मशाल, पहाट आणि सूर्य ही प्रतिमासृष्टी पानोपानी भेटते. बाबासाहेबांना सूर्याची उपमा न देणारा कवी शोधावाच लागेल. पुढे ही उपमा झिजली. नवशिक्या कवींनी ती हाती आलेल्या नाण्यासारखी खर्चली, समीक्षकांनी तिला कंटाळून नाक मुरडले. परंतु तिचा उगम खोटा नव्हता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ झाला, ज्यांना विहीर नाकारली, पाणवठा नाकारला, वाट नाकारली, त्यांना ज्याच्यावर कोणाचीच मालकी नाही असा एक सूर्यच आपला वाटला. सूर्य सोवळे पाळत नाही. तो गावावर पडतो तसाच गावकुसाबाहेरही पडतो.

आज हा सूर्य प्रतिमा म्हणून नव्हे, प्रकल्प म्हणून आमच्या पंचक्रोशीत आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, त्यासाठी वीज उपकेंद्रांच्या जवळपास लहानमोठे सौरप्रकल्प उभारावेत, अशी ही योजना. आरंभी उद्दिष्ट ७,००० मेगावॉटचे होते, पुढे ते १६,००० मेगावॉटवर गेले. या टप्प्यातील पहिल्या प्रकल्पांपैकी एक, ३ मेगावॉटचा, आमच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावी २०२४ साली सुरू झाला. देवगाव रंगारीहून तो काही फार लांब नाही. रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरायला गेलेल्या आणि विंचूकाट्याच्या भीतीने बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून या लेखाच्या आरंभीच स्पष्ट करतो की माझे भांडण विजेशी नाही, आणि धोंदलगावशी तर नाहीच नाही. माझे भांडण एका भाषेशी आहे. ती भाषा वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा एक विद्यार्थी दोन कागद घेऊन आला. दोन्ही निवेदने होती. दोन्ही एकाच गायरानाबद्दल होती आणि दोन्हींच्या शेवटी 'स्थानिक नागरिक' असे शब्द होते. तो म्हणाला, "सर, दोन्हीकडं स्थानिक नागरिकच हायेत. मग खरे कोणते?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते देण्यासाठी हे लिहितो आहे.

२

कोणी म्हणेल, निवेदनाची कसली समीक्षा? समीक्षा कथा-कवितेची करावी, अर्जाची नव्हे. मला हे मान्य नाही. निवेदन हा आमचा पहिला गद्यप्रकार आहे. आमच्या लोकांनी कादंबरी लिहिण्याच्या कितीतरी आधी अर्ज लिहिले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करभरतीसाठी अर्जाचा मसुदा केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी त्याच मागणीसाठी थेट विलायतेपर्यंत अर्ज धाडला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी जे मांडले त्याचे रूप निवेदनाचे आणि साक्षीचेच होते. ज्याला सत्ता नाही त्याने सत्तेशी बोलायचे कसे, याचा शोध या प्रकारात आमच्या पूर्वजांनी घेतला. तेव्हा निवेदन वाचायचे तर गंभीरपणेच वाचले पाहिजे.

पहिले निवेदन तालुक्याच्या गावातील सुशिक्षितांच्या एका मंडळाचे होते. त्यात निवृत्त अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, माझ्यासारखे शिक्षकही आहेत. कागद टंकलिखित, भाषा शुद्ध, मुद्दे क्रमवार. तापमानवाढ होत आहे, पाऊस अनियमित झाला आहे, कोळशाची वीज हवा नासवते, म्हणून गावोगावी सौरऊर्जेचा पुरस्कार व्हावा. पडीक गायरानावर सौरप्रकल्प आणि उरलेल्या भागावर वृक्षलागवड करावी. त्यासाठी गायरान अतिक्रमणमुक्त करावे. हे सर्व लोकसहभागातून व्हावे. एकही मागणी अशी नाही की जिला ऐकता क्षणी नकार द्यावा. आणि म्हणूनच ती नीट वाचायला हवी.

'पडीक' हा शब्द घ्या. महसुली भाषेत हा शब्द नांगर न लागलेल्या जमिनीसाठी आहे. पण त्या गायरानावर ज्वारी उभी असते, मठ-मूग निघतो, बाजरीच्या गंजी लागतात. मग ते पडीक कसे? सरकारी दप्तरात तिथे पिकाचा रकाना कोरा, म्हणून. म्हणजे जमीन पडीक नाही, नोंद पडीक आहे. जो पेरतो त्याचे नाव उताऱ्यावर नाही, म्हणून त्याने पेरलेलेही नाही असे धरायचे. मनुष्यच दिसत नसेल तर त्याचे पीक कसे दिसणार? अस्पृश्यता ही केवळ न शिवण्याची गोष्ट नव्हती, ती न पाहण्याचीही गोष्ट होती. 'पडीक' या एका शब्दात ती न पाहण्याची सवय सुखरूप शाबूत आहे. निवेदन लिहिणाऱ्यांच्या मनात जातीयता होती असे मी म्हणत नाही. बहुधा नसावीच. शब्द वापरताना त्यांना काही खटकले नाही, एवढेच मी म्हणतो. आणि न खटकणे हेच या व्यवस्थेचे यश आहे.

दुसरा शब्द 'अतिक्रमण'. या ठिकाणी निवेदनाने सर्वोच्च न्यायालयाचा आधार घेतला आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढून त्या गावाला परत कराव्यात, असे सर्व राज्यांना सांगितले. खटला पंजाबातील एका गावच्या तळ्याच्या जागेचा होता. निकाल चांगला आहे. सामाईक जमीन गिळणाऱ्या धनदांडग्यांना तो लागू पडला पाहिजे. पण त्याच निकालात अपवादाचेही एक वाक्य आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने जमीन दिली असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना असे सार्वजनिक काम असेल, तर ती बाब अपवाद म्हणून धरता येईल, असा त्याचा आशय आहे. निवेदनाने निकाल घेतला आणि अपवाद सोडला. मी वर्गात मुलांना सांगतो की एखादा उतारा कोठे तोडला आहे ते पाहा, तेथे लेखकाचे मन सापडते. हा उतारा नेमका आमच्या नावापाशी तोडला आहे.

महाराष्ट्रात तर हा अपवाद नुसता न्यायालयाच्या दयेवर उभा नाही. २७ डिसेंबर १९७८ आणि २८ नोव्हेंबर १९९१ या दोन शासन निर्णयांनी गायरानावर कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरवले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही तारीख धरली आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो आरंभ होता. म्हणजे शासनाने स्वतःच एक शब्द दिला होता. त्या शब्दाची अंमलबजावणी जिथे झाली नाही, तिथल्या माणसाला आज 'अतिक्रमक' म्हणायचे, की शब्द न पाळणाऱ्याला काही म्हणायचे? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा वस्त्या-वस्त्यांतून हाच प्रश्न विचारला गेला.

तिसरा शब्द 'लोकसहभाग'. हा या निवेदनातला सर्वांत गोड शब्द आहे. पण सहभाग कोणत्या टप्प्यावर? जागा ठरवताना की फीत कापताना? सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे त्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि मंजुरीच नाही म्हणून जनसुनावणीही नाही. जमीन सरकारी, ती भाड्याने दिलेली, म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले सामाजिक आघात मूल्यांकनही नाही. शिल्लक उरते ती ग्रामसभा. आणि ग्रामसभेत वस्तीचा माणूस कुठे बसतो, त्याचा हात वर झाला तर तो मोजला जातो का, हे ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

३

आता दुसरे निवेदन. हे वस्तीचे. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई. बारावीला असलेल्या एका पोराने लिहिलेले. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' अशी सुरुवात. 'अर्जदार गरीब भूमिहीन असून' हे तीनदा. शेवटी 'दया व्हावी ही विनंती'. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. खाली सह्या कमी, अंगठे अधिक.

पण मधल्या भागात हा कागद एकदम ताठ होतो. तिथे नावनिशीवार यादी आहे. कोण, कोणत्या सालापासून, किती बिघे, कोणते पीक, दंडाच्या पावत्या किती, गाव नमुना एक-ई मध्ये नोंद आहे की नाही. तिथे पोराची भाषा चुकत नाही, कारण तिथे त्याला विनवायचे नाही, सांगायचे आहे. पहिल्या निवेदनात एकाही माणसाचे नाव नव्हते. सगळे 'समाज', 'पर्यावरण', 'भावी पिढ्या'. या निवेदनात भावी पिढ्या नाहीत, पण हयात असलेली माणसे आहेत.

त्या यादीत एक नाव माझ्या चुलतीचे आहे. माझा जन्म देवगाव रंगारीचा. आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहे. कष्टकऱ्यांचा हात गावाच्या नावाला लागला, उताऱ्याला मात्र लागला नाही. माझे चुलते तरुणपणीच सासुरवाडीला राहायला गेले. ते गाव जवळच आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रकार एका गावाचा नव्हे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या चुलत्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी गायरानातला मुरमाड तुकडा फोडला. दगड वेचून बांध घातला. त्यांच्यामागे आता चुलती कसते. घरात पहिला पदवीधर मी. माझ्या वसतिगृहाचे पहिल्या वर्षाचे पैसे त्या तुकड्यातल्या तुरीचे होते. तेव्हा या विषयात मी तटस्थ समीक्षक आहे असे कोणी समजू नये. तटस्थ असतो तर एवढे बारकाईने वाचले नसते.

मी पावत्या पाहायला गेलो. चुलतीने पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. दंडाच्या पावत्या. काही इतक्या जुन्या की घडीवर फाटलेल्या.

"नानी, या जपून ठेवल्या म्हणून बरं झालं," मी म्हणालो.

"दंड भरला तव्हा वाटायचं, सरकार चोर म्हणतंय. तुझे काका म्हणायचे, ठेव, चोर म्हणतंय पर हितं व्हतो म्हणून तरी लिहून देतंय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबू, त्या काचा बसिवल्या म्हंजी उताऱ्यावर त्यायचं नाव लागंल का?"

"भाडेपट्टा होतो, नानी. पंचवीस-तीस वर्षं जागा त्यांच्याकडे राहते."

"मंग त्यायचं पंचवीस वरसात लागतंय. मपलं पन्नास वरसात लागलं न्हाई."

मी मराठीचा प्राध्यापक. विरोध, विसंगती, उपरोध शिकवतो. त्या वाक्यापुढे माझ्याजवळ काही नव्हते.

परंतु आत्मीयता म्हणजे समीक्षा नव्हे. वस्तीच्या निवेदनाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष, ते हक्काची गोष्ट दयेच्या भाषेत मांडते. हातात १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय असताना 'दया व्हावी' कशाला? दयेचा अर्ज फेटाळायला कारण लागत नाही. हक्काचा अर्ज फेटाळायला कारण लिहावे लागते. दुसरा दोष अधिक खोल आहे. या निवेदनात विजेबद्दल, पावसाबद्दल, वाढत्या उन्हाबद्दल अवाक्षर नाही. जणू हा विषय त्या दुसऱ्या लोकांचा. उन्हाच्या तडाख्यात ऊसतोडीला, खडीला, वीटभट्टीला कोण जाते? पाऊस लांबला तर आधी कोणाची चूल विझते? तापलेल्या पृथ्वीचा पहिला चटका ज्याच्या टाळूला बसतो, त्याच्याच अर्जात पृथ्वी नाही. हा दोष त्या पोराचा नव्हे. त्याला तसे लिहायला आम्ही शिकवले नाही.

४

येथे आपल्या साहित्याकडे वळले पाहिजे. दलित साहित्याने निसर्गकवितेला नकार दिला, तो योग्यच होता. हिरव्या गालिच्यांत रमणाऱ्यांना त्या गालिच्यावर कोण राबतो हे दिसत नव्हते. पण नकार देताना आपण एक चूक केली. निसर्ग त्यांचा म्हणून त्यांच्याकडेच सोडून दिला. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांत भूक आहे, पाणी आहे, वाटा आहेत, पालांची जागा आहे. ही सगळी सामाईक साधनांचीच कथा आहे. परंतु समीक्षेने तिला केवळ दुःखाची, अपमानाची, अस्मितेची कथा म्हणून वाचले. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईचे गाणे लिहिले; जी धरण बांधते तिच्याच वाट्याला पाणी येत नाही, हा त्याचा गाभा. १९६५ साली पायाभरणी झालेले आणि १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडी ज्यांनी पाहिले त्या मराठवाड्याला हे गाणे पर्यावरणाचे आहे हे कळायला हवे होते. आम्ही ते सभेत गायलो, पण धोरण म्हणून वाचले नाही. एकनाथ आवाडांनी मराठवाड्यातल्या गायरानांसाठी जन्म घालवला आणि 'जग बदल घालूनि घाव' या आत्मकथनात तो मांडला. कार्यकर्त्याचे आत्मचरित्र म्हणून त्याचा गौरव झाला. जमीन, चारा, दगड, पाणी यांचा विचार म्हणून किती जणांनी वाचले?

पर्यावरण म्हणजे उच्चवर्णीयांची हौस, असे आपल्यातले अनेक कार्यकर्ते म्हणतात. हौशी लोक आहेतच. परंतु महाडला १९२७ साली काय घडले? एका सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे माणसांनी ओंजळीने सिद्ध केले. सामाईक साधन कोणाचे, हा प्रश्न याहून स्पष्टपणे या देशात कोणी विचारला? १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांनी पडजमिनींसाठी सत्याग्रह केला. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला, लाखोंनी तुरुंग भरले. या चळवळींना आपण जमिनीच्या चळवळी म्हणतो. त्या पर्यावरणाच्याही होत्या. शब्द तेव्हा नव्हता, वस्तू होती.

आणि वीज? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्या खात्यात होता. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी युद्धोत्तर भारतातील वीजविकासाची दिशा मांडली. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, ती दारिद्र्यातून सुटण्याचे साधन आहे, आणि तिची मालकी खाजगी की सरकारी हा टाळता न येणारा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि शेतजमीन राज्याने घेऊन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार राहणार नाही आणि कोणी भूमिहीनही राहणार नाही, असा आराखडा त्यांनी दिला. जमीन आणि वीज हे दोन प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र होते. आज एक प्रश्न तालुक्याच्या निवेदनात आहे आणि दुसरा वस्तीच्या. दोन कागद झाले. ही फाळणी बाबासाहेबांची नव्हे.

या फाळणीचे परिणाम पैठणलाही दिसले. नाथसागरावर तरंगता सौरप्रकल्प उभारण्याची योजना आली. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. कहार समाज पंच कमिटी या संस्थेने निविदेला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ते फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या हेतूबद्दल आणि तिच्यामागील पैशाबद्दलही प्रश्न केले. त्या दाव्याचा न्यायनिवाडा मी करीत नाही. मला दिसते ते असे, की कायद्यात पक्ष्यांसाठी एक खुर्ची आहे, विजेसाठी एक मोठी खुर्ची आहे, पण पाण्यात जाळे टाकणाऱ्या माणसासाठी वेगळी खुर्ची नाही. त्याला बोलायचे तर दुसऱ्याच्या नावाने बोलावे लागते.

जगात हे ज्यांनी ओळखले ते कोण होते? ज्या कृष्णवर्णीयांच्या पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्याच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन परगण्यात विषारी मातीच्या खड्ड्याविरुद्ध रस्त्यावर झोपून अटक करून घेतली. कचरा कुठे टाकायचा हे वंश पाहून ठरते, हे त्यांनी उघड केले. १९८७ साली त्यांच्या चर्चसंघटनेच्या अहवालाने ते आकड्यांनिशी मांडले. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, आवेश घेतला. हा धडा मात्र घेतला नाही.

५

आता हिशेबाची गोष्ट. या योजनेत खाजगी शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपया भाड्याने. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे निधी. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. आता जुळवून पाहा. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला लाखांत भाडे. ज्याने पन्नास वर्षे दगड वेचून जमीन केली पण ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याच्या तुकड्याचे मोल एक रुपया, आणि तो रुपयाही त्याला नाही. दुसरी योजना घ्या, २०२४ ची, सौर कृषी पंपाची. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. सवलत खरी आहे. पण पंपाला शेत लागते, पाण्याचा स्रोत लागतो. ज्याला शेतच नाही त्याला पाच टक्क्यांचे काय? सवलत जातीला मिळाली, आणि जातीनेच ज्याला भूमिहीन ठेवले तो दाराबाहेरच राहिला.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला, गायरान केवळ दलितांचे नाही. त्यावर धनगराची मेंढरे चरतात, गावाची गुरे चरतात. हे खरे आहे, आणि तारेचे कुंपण पडले की ती मेंढरेही बाहेरच राहतात. म्हणजे कसणारा आणि चारणारा यांची लढाई एकमेकांशी नाही. त्यांना एकमेकांशी लढवणे मात्र सोपे आहे आणि ते अनेक गावांत झाले आहे. दुसरा आक्षेप, गायरानावर गरिबांपेक्षा धनदांडग्यांचे अतिक्रमण मोठे असते आणि दलितांचे नाव पुढे करून ते वाचते. हेही खरे. म्हणूनच सरसकट संरक्षण नको आणि सरसकट हकालपट्टीही नको. नाव-नाव, तुकडा-तुकडा वाचले पाहिजे. वस्तीच्या त्या यादीसारखे.

मग मागणी काय? मोजणीची साखळी टाकण्याआधी गाव नमुना एक-ई ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि ती ग्रामसभा वस्तीत भरावी. १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांखालचे दावे आधी निकाली काढावेत, कारणे लिहून. उरलेल्या खरोखर पडीक जमिनीवर प्रकल्प व्हावा, जरूर व्हावा. पण ज्याचा तुकडा गेला त्याला खाजगी शेतकऱ्याच्या दराने भाडे मिळावे आणि गुरांसाठी वाट व चराई राखावी. ग्रामपंचायतीच्या निधीतला ठराविक वाटा वस्तीच्या ठरावाने खर्च व्हावा. भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला असा एखादा प्रकल्प स्वतः चालवता येईल का, याचा विचार व्हावा. १९४७ च्या आराखड्याचा तो लहानसा का होईना, एक तुकडा असेल. आणि तालुक्याच्या मंडळातील सज्जनांनी, ते सज्जन आहेत म्हणूनच सांगतो, आपल्या निवेदनात तो सोडलेला अपवाद परत लिहावा. तेवढे एक वाक्य लिहिले तर आमचे अंगठे त्यांच्या सह्यांखाली येतील.

त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देऊ शकतो. स्थानिक दोघेही आहेत. नागरिक दोघेही आहेत. पण एकाचे नागरिकत्व कागदावर सुरू होते, दुसऱ्याचे कागदापाशी अडते. खरे निवेदन या दोहोंपैकी एकही नाही. ते तिसरे आहे, आणि ते अजून लिहिलेले नाही. त्यात पृथ्वीचे तापमानही असेल आणि चुलतीच्या पावत्यांचे क्रमांकही. त्यात 'दया' हा शब्द नसेल, 'पडीक' हा शब्द नसेल. ते आमच्या मुलांनी लिहायचे आहे आणि आम्ही शिक्षकांनी त्यांच्याशेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आहेत. पगार घेणाऱ्या पहिल्या पिढीचे एवढे देणे लागते.

दलित कवितेने सूर्य मागितला तेव्हा कोणाकडे परवानगी मागितली नव्हती. तो आता खाली उतरला आहे, तर तो कोणाच्या अंगणात उतरतो आणि कोणाचे अंगण त्यासाठी उठवले जाते, हे विचारणे कवितेच्या बाहेरचे काम नव्हे. चुलतीने यंदाही तूर टाकली आहे. मोजणीवाले एकदा येऊन खुणा करून गेले आहेत. त्या चुन्याच्या खुणांच्या आतच तिची पेरणी आहे.